सायकली गाडीमागे नेण्याची खटपट

“पोदेर सायकलीर सगळो गांव भोंवता, ताका खंय गाडी लागता?” सासूबाईंनी बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसल्या बसल्या विचारलेल्या या प्रश्नाला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही. पाववाला सायकलवरून सगळं गाव फिरतो, त्याला कुठे गाडी लागते, असं त्यांचं म्हणणं. सायकल न्यायला गाडी, गाडीला रॅक, रॅकला हिच, म्हणजे गाडीखालचा जोड, आणि हिचसाठी वेल्डर. हे सगळं ऐकलं की आमचं डोकं फिरलंय असंच कुणालाही वाटेल.

पण अडचण खरी होती. आमचं घर फोंड्याजवळ. फाटकाबाहेर पाय टाकला की पणजीचा रस्ता, ट्रक, बसगाड्या, आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की दुचाक्यांचा लोंढा. दहा वर्षांच्या लेकीला मी त्या रस्त्यावर सायकल घेऊन सोडणार नाही. तिने निवांत चालवावी असे रस्ते आहेत. दिवाडी बेटावर शेतांमधून जाणारे आहेत, सावईवेरेला कुळागरांच्या, म्हणजे सुपारीच्या बागांच्या, सावलीतले आहेत. तिथवर पोचायचं तर सायकली गाडीतून न्यायला हव्यात.

पहिलं वर्ष आम्ही मागची सीट पाडून सायकली आत कोंबल्या. चाकं काढायची, जुनी चादर अंथरायची, तरी चेनचं काळं ग्रीस सीटला लागायचंच. शिवाय सायकली आत गेल्या की तिघांपैकी एकाला घरी राहावं लागायचं, आणि तो एक कोण हे दर रविवारी सकाळी भांडूनच ठरायचं.

मग डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक आणला. स्वस्त, हलका, घडी करून कपाटात जाणारा. त्याचे आकडे डिकीच्या दाराच्या वरच्या कडेत अडकवायचे आणि खालून पट्टे ओढून ताणायचे. पण आमच्या गाडीच्या त्या कडेवर प्लास्टिकचा स्पॉयलर आहे, हे आम्ही बघूनही बघितलं नव्हतं. तिसऱ्या फेरीत तो तडकला. रॅकच्या फोमच्या पायांखाली आमच्याकडची तांबडी धूळ बसली होती. तिने पॉलिश पेपरचं काम केलं आणि दारावर दोन गोल चट्टे उमटले, ते अजून आहेत. काचेला किंवा प्लास्टिकच्या भागाला आकडा लावायचा नाही, हे त्याच्या पत्रकात बारीक अक्षरात लिहिलं होतं. पत्रक आम्ही नंतर वाचलं.

टपावरचा रॅक एका मिनिटात बाद झाला. गाडीची उंची एक मीटर ऐंशी, वर सायकल उभी केली की आणखी मीटरभर, म्हणजे जवळपास तीन मीटर. आमच्या गाडीच्या कौलारू शेडचे वासे लागतात सव्वादोन मीटरवर. एखाद्या दिवशी दमून परत येताना वर सायकल आहे हे मी विसरणार, याची मला खात्री होती. आणि सोळा किलोची सायकल डोक्याच्या वर धरून खोबणीत बसवायची, तर माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वीच नाही म्हणून बसलाय.

राहिली हिच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडीच्या मागच्या बंपरखाली, थेट चासीला बोल्टने आवळलेला एक आडवा लोखंडी दांडा, आणि त्याच्या मधोमध मागे तोंड करून बसवलेली चौकोनी नळी. या नळीला रिसीव्हर म्हणतात. रॅकचा चौकोनी दांडा तिच्यात सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. अमेरिकेत याची दोन मापं सर्रास चालतात, सव्वा इंची आणि दोन इंची. युरोपात चौकोनी नळीऐवजी पन्नास मिलिमीटरचा गोळा असतो आणि रॅक त्या गोळ्यावर चिमटा मारून बसतो. आपल्याकडे बहुतेक गाड्यांना यातलं काहीच येत नाही. त्यामुळे दुकानात जाऊन ‘हिचचा रॅक द्या’ म्हटलं की दुकानदार आधी गाडीच्या मागे वाकून बघतो आणि मग आपल्याकडे बघतो.

मी आधी रॅक शोधायला लागले, इथेच चुकले. दोन आठवडे रात्री जागून कोणता रॅक किती सायकली घेतो, कोणत्याला कुलूप आहे, कोणाचं वजन किती, याचे तक्ते केले. नवरा कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याने एका रविवारी टेप घेतली, गाडीखाली चटई टाकून आडवा झाला आणि खालूनच विचारलं, “स्टेपनी कुठनं काढणार?”

आमच्या गाडीची स्टेपनी डिकीत नाही, खाली साखळीला टांगलेली आहे. पंक्चर झालं की मागून लांब दांडा घालून फिरवायचा आणि चाक खाली सोडायचं. हिचचा आडवा दांडा नेमका त्याच वाटेत येत होता. अनमोड घाटात रात्री पंक्चर आणि स्टेपनी निघत नाही, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझे तक्ते तिथेच मिटले. ज्यांची स्टेपनी मागच्या दारावर लावलेली असते, त्यांचं दुखणं निराळं. रॅक चाकाच्याही मागे जायला हवा म्हणून दांडा लांब लागतो, आणि दार बाजूला उघडणारं असल्यामुळे रॅक खाली झुकवला तरी ते उघडत नाही. म्हणून आधी गाडीची पाठ बघायची. रॅक सगळ्यात शेवटी.

दोन प्रकारचे रॅक मी हात लावून पाहिले. टांगायचा रॅक पर्वरीच्या एका ओळखीच्यांकडे होता. त्याला वर दोन हात असतात, त्यांवर सायकलची वरची नळी ठेवायची आणि रबरी पट्ट्यांनी बांधायची. हलका आहे, स्वस्तही. पण माझ्या सायकलची वरची नळी तिरकी खाली येणारी, साडी नेसूनही चढता येईल अशी. ती टांगली की सायकल नाक खाली करून लोंबकळते. त्यासाठी एक वेगळी खोटी नळी मिळते, सीटच्या दांड्यापासून हँडलपर्यंत लावायची. लेकीच्या वीस इंची सायकलीत तर दोन हात मावायलाच जागा नव्हती. आणि बांधून झाल्यावर सायकली एकमेकींना पेडल मारत होत्या. ओळखीचे म्हणाले, “मधे जुना टॉवेल घालायचा.” त्यांच्या सायकलीकडे बघून टॉवेल पुरत नसावा असं वाटलं.

दुसरा प्लॅटफॉर्मचा. त्यात सायकल चाकांवर उभी राहते, प्रत्येकीला आपली खोबणी. पुढच्या चाकावरून एक आकडा येऊन टायर घट्ट दाबतो, मागच्या चाकाला पट्टा. फ्रेमला काहीच लागत नाही, म्हणून फ्रेम तिरकी असो, बारीक असो वा कार्बनची असो, त्याला फरक पडत नाही. सायकल गुडघ्यापर्यंत उचलली की झालं. खांद्याच्या बाजूने निकाल तिथेच लागला. उणी बाजूही आहे. नुसता रॅकच एकवीस किलोचा. आणि पुढच्या चाकाला पूर्ण मडगार्ड असेल तर तो आकडा टायरवर न बसता मडगार्डवर बसतो. गोव्यात मडगार्डाशिवाय सायकल म्हणजे जून ते सप्टेंबर पाठीवर चिखलाची रेघ. शेवटी नवऱ्याच्या सायकलीला एका झटक्यात निघणारं मडगार्ड लावलं, माझी मागच्या खोबणीत उलट्या दिशेने ठेवून आकडा तिच्या मागच्या चाकावर घेतला, कारण तिथलं मडगार्ड आखूड आहे. बनवणाऱ्यांना हे चालेल की नाही म्हणून पुस्तिका पाहिली. आमच्या मॉडेलला चालतं असं त्यात लिहिलंय.

वजनाचा हिशेब नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर पाकिटाच्या मागे केला. दोन सायकली आणि रॅक मिळून पन्नास-पंचावन्न किलो. सिमेंटचं एक पोतं आणि वर थोडं, त्यात काय, असं मला वाटलं. पण हे वजन मागच्या चाकांच्याही मागे दीड-पावणेदोन मीटरवर लटकतं. आमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर पावणेतीन मीटर. त्याचा हिशेब असा निघाला की मागच्या अॅक्सलवर पंचावन्न नव्हे, सत्त्याऐंशी किलो वाढतात आणि पुढचे बत्तीस किलो कमी होतात. सी-सॉ, दुसरं काय. डिकीत आणखी तांदळाचं पोतं, पाण्याचे कॅन आणि मागे तीन पाहुणे बसवले तर पुढची चाकं हलकी होणार, हे तेव्हा समजलं. खड्ड्यात हाच भार उसळून कितीतरी जास्त होतो, म्हणून रॅकवर लिहिलेल्या आकड्याला टेकायचं नाही, खूप खालीच राहायचं. आमचा रॅक प्रत्येक खोबणीत तीस किलो घेतो. आमच्या सायकली त्याच्या निम्म्या आहेत. बॅटरीवाल्या सायकलींचा विचार करणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा, त्या सहज पंचवीस किलोच्या असतात.

नंबरप्लेट हा माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग, आणि विकणारे तो सगळ्यात कमी बोलतात. मागची नंबरप्लेट झाकून गाडी चालवता येत नाही. युरोपात रॅकच्याच मागे दिव्यांची पाटी लावून तिच्यावर आणखी एक नंबरप्लेट बसवतात. आपल्याकडे हाय सिक्युरिटी प्लेट एक पुढे आणि एक मागे, दोन्हींवर आपापला लेसर क्रमांक. तिसरी बाजारातून रंगवून आणली तर ती प्लेट नव्हे, नुसती पाटी. म्हणून लेकीला गाडीमागे दहा पावलांवर उभं केलं आणि फोटो काढायला लावले. तीन सायकली कल्पून पाहिल्या, तर ‘जीए’ दिसायचं आणि पुढचे आकडे चेनव्हीलच्या आड. दोन सायकली ठेवून त्या वीतभर डावीकडे सरकवल्या आणि पेडल फिरवून आडवे केले, की फ्रेमच्या त्रिकोणातून अख्खा नंबर दिसतो. एवढ्यावरून ठरलं: तीनचा नाही, दोन सायकलींचाच रॅक. लेकीची छोटी सायकल डिकीत. संध्याकाळी पुन्हा तोच खेळ, या वेळी दिवे लावून. ब्रेकचे दिवे चाकांच्या मागून दिसत होते, डावा इंडिकेटर मात्र अर्धाच. तेव्हा रॅक असताना अंधारात गाडी काढायची नाही, असा घरात नियम केला. एक रिकामा रॅक मात्र उभा घडी करून मागे तसाच ठेवून फिरणं सोपं वाटतं आणि तेच चुकीचं आहे, कारण घडी केलेला रॅक बरोबर नंबरप्लेटच्या पुढ्यात उभा राहतो. काम झालं की एकवीस किलो उतरवायचे, इलाज नाही.

नवऱ्याला दुसरीच काळजी. २०१७च्या डिसेंबरात केंद्राने गाड्यांच्या पुढचे बुल बार, म्हणजे बंपरपुढचे लोखंडी दांडे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या विरोधात आहेत असं राज्यांना कळवलं होतं, ते त्याच्या पक्कं डोक्यात. म्हणून त्याची अट अशी की रॅक काढला की बंपरच्या बाहेर काडीइतकंही लोखंड येता कामा नये. पार्किंगमध्ये कुणाच्या नडगीला लागलं तर? मला ही अट जाचक वाटली होती. पुढे स्वतःच्याच नडगीला शेजाऱ्यांच्या गाडीचा टो-हूक लागला आणि पटली.

रॅक जुना मिळाला, मडगावच्या एकाकडून, अठ्ठावीस हजारांना. दांडा दोन इंची. हिच करून घ्यायला एका फॅब्रिकेटरकडे गेलो. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारा माणूस. गाडीखाली बघून म्हणाला, “बाय, जातलें. पूण वजन कितलें?” पहिला प्रश्न वजनाचा विचारला म्हणून मला तो आवडला.

स्टेपनीचं आम्ही आधीच सांगितलं होतं. त्याच्यासमोर चाक खाली सोडून दाखवलं, मगच त्याने खडूने खुणा केल्या. आडवा दांडा चार बोटं मागे आणि वर घेतला. चासीला कंपनीनेच पाडलेली भोकं होती, त्यांतून ८.८ ग्रेडचे बोल्ट घातले, चासीला वेल्डिंग अजिबात केलं नाही. सायलेन्सरचं तोंड उजवीकडे खाली वळलेलं आहे, म्हणून चाकं त्याच्या झोतात येत नाहीत हे इंजिन चालू करून हात धरून पाहिलं. सरळ मागे धूर सोडणाऱ्या गाडीत सायकलचा टायर भाजू शकतो.

आणि तरीही फसलो. कशात, तर दोन मिलिमीटरमध्ये. रिसीव्हरसाठी त्याने बाजारात मिळते ती साठ बाय साठची चौकोनी नळी घेतली, चार मिलिमीटर जाडीची. म्हणजे आतून बावन्न. रॅकचा दांडा पन्नास. हाताने घालताना मस्त सुळकन गेला, सगळे खूश. रिकाम्या रॅकलाही काही कळलं नाही. सायकली चढवून बाणस्तारीपर्यंत गेलो आणि मी आरशात बघितलं, तर दोन्ही सायकली हातात हात घालून डुलत होत्या. दोन मिलिमीटरची ढील पन्नासच्या दांड्यावर असते, पण मीटरभर उंचीवरच्या हँडलपाशी ती तीन-चार सेंटिमीटर होते. गाडी बाजूला घेतली. रॅक काही पडणार नव्हता, पिन सोळा मिलिमीटरची जाडजूड होती. पण दर हेलकाव्याला लोखंड लोखंडावर आपटत होतं आणि ते भोक हळूहळू अंडाकृती होणार हे उघड होतं.

फॅब्रिकेटरने वाद घातला नाही. नळीच्या आत लांबीभर वेल्डचा एक उंचवटा असतो, तो त्याने पहिल्या वेळी घासून साफ केला होता, आणि त्या घासण्यातच आणखी थोडी जागा मोकळी झाली होती. त्याने आतल्या दोन बाजूंना पातळ पत्रे बसवून माप एक्कावन्नला आणलं. शिवाय खालून एक बोल्ट बसवला, जो आवळला की दांडा वरच्या कोपऱ्यात दाबला जातो. बाहेरच्या रॅकना हीच युक्ती विकत मिळते, इथे ती दीडशे रुपयांत झाली. हिचचे सगळे मिळून साडेनऊ हजार. आता हँडल हलतं, पण सायकल हलते तितकंच.

हिचवर गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर, करून घ्या असं मी सांगितलं होतं, त्याने दोन हात प्रायमर आणि काळा रंग दिला. खाऱ्या वाऱ्यात रंग किती टिकतो हे इथल्या कुठल्याही खिडकीच्या ग्रिलला विचारावं. पहिल्या पावसानंतर कोपऱ्यात तांबूस ओघळ आला. पिनवर ग्रीस लावून ठेवते, नाहीतर ती आतच बसेल आणि मग हातोडा.

पहिली खरी सहल दिवाडीची. सासूबाईंची मावसबहीण तिथे आहे, म्हणून त्याही आल्या, म्हणून गाडी फेरीबोटीतून न्यायची ठरली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा सुकती लागली होती. पाणी उतरलं की बोटीचं फळकूट खाली जातं आणि धक्क्याचा उतार आणि फळकुटाची चढण यांच्यामध्ये बऱ्यापैकी कोन पडतो. एरवी आमची गाडी पंचवीसेक अंशाचा कोन मागून सहज पार करते. रॅक लावल्यावर शेपूट एवढी लांब होते की तो सोळा-सतरावर येतो. हे आम्ही घरी मोजलं होतं, पण घरी मोजलेलं धक्क्यावर आठवत नाही. पुढची चाकं फळकुटावर चढली आणि मागून कर्रर्र असा आवाज आला. बोटीवरचा माणूस हात वर करून ओरडला, “राव, राव! फाटल्यान लागता!” थांबा, मागे लागतंय.

मागे एक ट्रक, दोन गाड्या, दहा स्कूटर. सगळ्यांच्या समोर आम्ही सायकली उतरवल्या, रॅक घडी करून वर उभा केला, तेव्हा कुठे गाडी चढली. सायकली लेकीने आणि मी ढकलत बोटीत नेल्या. बोटवाल्याने सायकलींकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि विचारलं, “दोनूय कित्याक?” दोन्ही कशाला? सासूबाई मागच्या सीटवरून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

रॅकच्या खालच्या कडेला एक चकचकीत ओरखडा आहे, बाकी काही झालं नाही. तेव्हापासून दिवाडीला जायचं तर गाडी अलीकडेच लावतो आणि सायकली घेऊन बोटीत चढतो. सासूबाई बरोबर असतील तर सायकली घरी. सावईवेरेला हा प्रश्नच नाही, तिथे रॅकची खरी मजा येते. दहा मिनिटांत दोन सायकली खाली, डिकीतून छोटी बाहेर. वाटेत एकदा बाणस्तारीच्या पुलाजवळ वाहतूक पोलिसाने थांबवलं. मागे जाऊन जरा वाकला, नंबर वाचला, सरळ झाला. “दिसता, पूण वांकूंक पडटा,” म्हणाला. घरी येऊन सायकली आणखी चार बोटं सरकवल्या आणि माझ्या सायकलीचा बाजूचा स्टँड काढून टाकला, तो नेमका शेवटच्या आकड्यावर येत होता. मागचे सेन्सर रॅक असताना रिव्हर्स टाकला की अखंड बोंबलतात. त्यांना बंद करायचं बटण कुठे आहे हे लेकीने शोधलं.

जूनमध्ये रॅक काढून पडवीत टांगला. पुस्तिकेत लिहिलं होतं की रॅक काढल्यावर रिसीव्हरच्या तोंडाला रबरी बूच लावा. एवढ्याशा बुचासाठी कोण जातंय म्हणून मी ते लावलं नाही. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर रॅक घालायला गेले तर दांडा अर्ध्यात अडला. टॉर्च मारून पाहिलं, तर आत कुंभारमाशीने मातीची चार खणांची घरटी बांधली होती, अगदी पत्र्याला पत्रा जोडल्यासारखी गुळगुळीत. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढायला अर्धा तास गेला. आता तोंडात नारळाच्या सोडणाचा बोळा कोंबून ठेवते.